डोळे मिटून वाचणाऱ्या बायका

आम्रपालीला गेले काही दिवस अन्न गोड लागत नव्हतं, आणि कारण ऐकलं असतं तर कुणीही तिला वेड्यातच काढलं असतं. तिच्या ॲपवर कुणाची चूकच होत नव्हती.

ॲपचं नाव 'ओळीओळी'. न येणारी भाषा वाचायला शिकवणारं. फोनवर एक ओळ दिसते, ती आपण मोठ्यानं वाचायची, फोन कान देऊन ऐकतो. शब्द बरोबर आला की हिरवा होतो, चुकला की लाल. आतली सगळी यंत्रणा ओजसची. पडद्यावर काय कुठे दिसावं, बोट कुठे जावं, डोळा कुठे थांबावा, हे ठरवणारी आम्रपाली. दोघं महाडच्या एकाच शाळेत शिकलेली, दोघंही पुण्यात नोकऱ्या करून कंटाळलेली. नोकऱ्या सोडून परत आली आणि ओजसच्या घराच्या माडीवर दोन टेबलं टाकून बसली. पुण्यातल्या एका संस्थेनं त्यांना पैशाचं पाठबळ दिलं होतं. आधी पाली, मग त्याच धर्तीवर कन्नड, गुजराती, बंगाली, असा सगळा बेत होता. संस्थेच्या सुहास सरांना ॲपमधली एक गोष्ट फार आवडली होती. आम्रपालीनं पहिल्याच पानावर लिहिलं होतं: 'गुरुजी नकोत, शेजारी बसणारं कुणी नको. फक्त फोन आणि तुम्ही.' या वाक्यावर ती स्वतःही खूश होती. माणूस स्वतःच्या वाक्यावर खूश झाला की समजावं, त्याचं काहीतरी चुकणार आहे.

ॲप पारखायला दिलं ते पोलादपूरच्या अलीकडच्या एका बौद्धवाडीत, तिच्या ललिताआत्याच्या सासरी. आत्या शाळेची पायरी न चढलेली, तिच्याबरोबर ॲप वापरणाऱ्या चौघी शेजारणी थोड्याफार शिकलेल्या. आम्रपालीनं एक दिवस जाऊन पाच फोन वाटले, रोज संध्याकाळी लावा म्हणून सांगितलं आणि चहा पिऊन परत आली. पहिले धडे तिनं मुद्दामच वंदनेचे ठेवले होते. वंदना पालीत असते, वाडीत लहान पोरालाही ती ऐकून ठाऊक असते. ओळखीचा आवाज असला की अक्षरं लवकर ओळखीची होतील, असा तिचा हिशेब.

आणि झालंही तसंच. पाचही फोनांवर रोज सगळं हिरवंगार. लाल शब्द औषधालासुद्धा नाही. ओजसनं बाजारातून पेढे आणले. सुहास सरांचा फोन आला: मार्चमध्ये चवदार तळ्यावर माणसं जमतात, त्याच दिवसांत महाडात एक हॉल घेऊ, ॲप लोकांपुढे ठेवू, आणि ज्यांना कालपर्यंत अक्षर येत नव्हतं त्या ललिताबाई स्टेजवर वाचून दाखवतील.

"तुला सुख बोचतंय," ओजस म्हणाला. आम्रपाली माडीवर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या मारत होती.

"अरे, माणूस वाचायला शिकताना चुकतो. अडखळतो. मी स्वतः बसवलेलं बटण मी स्वतः चुकीचं दाबते. आणि ज्या आत्याला एसटीची पाटी वाचता येत नाही, तिची एकदाही चूक नाही?"

"हुशार असेल तुझी आत्या."

"हुशार आहे. म्हणून तर भीती वाटतेय."

तिला बसवेना. तिनं स्कूटी काढली. हायवेला बिरवाडीच्या कारखान्यांचे टँकर एकामागून एक चाललेले, धुळीनं डोळे चरचरणारे. प्रत्येक टँकर मागे टाकताना ती मनाशी म्हणत होती, आपण उगाच जातोय, सगळं ठीक असेल, आत्या हसेल आपल्याला. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, पण या खेपेला मनानं चिंतलं होतं ते अगदी बरोबर निघालं.

वाडीत पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. आत्याच्या दाराला कडी. विहारातून वंदनेचा आवाज येत होता, म्हणून ती तिकडे वळली आणि दारातच उभी राहिली.

बुद्धमूर्तीपुढे मेणबत्त्या लावलेल्या. मेणबत्त्यांच्या पुढे पाचही फोन ओळीनं मांडलेले, मूर्तीकडे तोंड करून. मागे सगळ्या बायका हात जोडून, डोळे मिटून बसलेल्या. एका सुरात, एका दमात म्हणत होत्या. पाच पडद्यांचा हिरवा उजेड मूर्तीवर पडत होता, म्हणजे शब्दामागून शब्द हिरवे होत होते, आणि बघायला त्या मूर्तीवाचून कुणीही नव्हतं.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो आम्रपालीनं त्या दिवशी डोळ्यांनी पाहिला. तिला आधी हसू आलं. मग ओजसनं आणलेले पेढे आठवले.

वंदना संपल्यावर तिनं शेजारच्या चंद्राबाईला बाजूला घेतलं. चंद्राबाई सातवीपर्यंत शिकलेली, तोंडाची फटकळ.

"मावशी, त्यात बघून वाचायचं असतं गो!"

"वंदनेला बसल्यावर डोळे उघडे ठेवून फोनात बघायचं? शोभतं काय?" चंद्राबाई म्हणाली. "तू म्हणालीस, रोज संध्याकाळी लावा. आमी लावतो. एक दिवस चुकवला नाय. पोरीचं काम हाय, होऊ दे, म्हटलं."

बिचाऱ्यांनी सांगितलं तेवढं मनापासून केलं होतं. पुण्यामुंबईच्या माणसानं फोन हातात घेतला असता, पडद्यात नाक खुपसलं असतं. या बायकांना ते पटण्यासारखंच नव्हतं. वंदना डोळे मिटून म्हणायची असते, यात शंका घेण्यासारखं काय आहे? आम्रपाली स्वतः याच रीतीत वाढलेली. महाडच्या माडीवर बसून उंटावरून शेळ्या हाकताना तिला नेमकं तेवढंच आठवलं नव्हतं.

आत्या तिला घरी घेऊन गेली. तिचा चेहरा इतका उजळला होता की आम्रपालीला तिच्याकडे बघवेना.

"मला वाचता येतंय गो आता, आमू," आत्या म्हणाली. "मुंबईला सुनेला सांगितलं. ती सुट्टी काढून येत्येय. पांढरी साडी घेतली नवी, स्टेजसाठी. बघ, दाखवत्ये तुला."

तिनं फोन मांडीवर घेतला, ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणायला लागली. एकही उच्चार इकडचा तिकडे नाही. फक्त बोट भलतीकडेच होतं. तोंड पहिल्या ओळीत, बोट तिसरीत. ओळ संपायच्या आधीच ते पडद्याच्या तळाशी पोचलं आणि तिथेच थांबून राहिलं. बिचारं बोट तरी काय करणार, त्याला रस्ता कुणी दाखवला होता?

"कसं?" आत्यानं विचारलं.

"छान," आम्रपाली म्हणाली, आणि फार रात्र व्हायच्या आत निघायचं निमित्त करून पळाली. पळालीच, दुसरा शब्द नाही.

सकाळी ओजसला सगळं सांगितलं तेव्हा तो काही वेळ डोकं धरून बसला. मग हळूहळू त्याचं डोकं चालायला लागलं, आणि हुशार माणसाचं डोकं चालायला लागलं की जरा जपावं.

"स्टेजवर त्यांना वंदनाच द्यायची," तो म्हणाला. "त्या म्हणतील, सगळं हिरवं होईल. लोक टाळ्या वाजवतील. संस्था पुढचं काम देईल. मग आपण दुरुस्त करू. शब्द उलटेपालटे दाखवू, नवीन ओळी टाकू. दोष काढता येईल गं. पण आत्ता सांगितलं तर काढायला ॲपच उरणार नाही."

"आणि ती वाचत नाही हे?"

"कुणाला कळणार आहे? त्यांना स्वतःलाही कळत नाही."

हे वाक्य तिला झोंबलं. तरी ती बरं म्हणाली. वर्षभराचं काम होतं. पुण्याची नोकरी सोडताना वडिलांशी घातलेले वाद होते. पुन्हा त्याच नोकरीच्या दारात जाऊन उभं राहायचं तिच्या जिवावर आलं होतं. म्हणून म्हणाली बरं.

पण त्यानंतर तिचा पाय घरात ठरेना. टेबलाशी बसली की उठायची. बाजारात गेली की काय आणायला आलो ते विसरायची. चवदार तळ्याभोवती मंडपाचे खांब उभे राहायला लागले होते, पुस्तकांच्या दुकानांच्या जागा आखल्या जात होत्या. ती तळ्याला फेरी घालून यायची आणि घरी आल्यावर पुन्हा जायची. कुणी विचारलं तर म्हणायची, जरा पाय मोकळे करतेय. पाय मोकळे होते, बाकी सगळी ती जखडलेली होती.

आणि एक दिवस दुपारी आत्याचा फोन आला.

"आमू, चष्मा केला गो मी," आत्या हसत हसत सांगत होती. "डॉक्टर म्हणाला नंबर थोडाच हाय, नाय लावलास तरी चालंल. मी म्हटलं, नाय, द्या. वाचणारी माणसं चष्मा लावतात. स्टेजवर बरा दिसंल ना?"

आम्रपालीनं कसंबसं हो म्हटलं, फोन ठेवला आणि तशीच स्कूटी काढली. पोलादपूर येईपर्यंत ती स्वतःला नाही नाही ते बोलत होती.

आत्या अंगणात मिरच्या वाळत घालत होती. नाकावर नवाकोरा चष्मा. आम्रपालीनं तिला खाली बसवलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. फोन फक्त आवाज ऐकतो. आत्या काय बघते ते त्याला कळत नाही. आत्या पाठ म्हणते, म्हणून तो हिरवा होतो. ते वाचणं नव्हे.

आत्याला पहिल्यांदा पटेचना. म्हणून आम्रपालीनं वंदनेतलाच एक शब्द एकटा काढून मोठा करून दाखवला. आत्या चष्म्यातून बघत राहिली. मग चष्म्यावरून बघितलं. तोंड उघडलं आणि मिटलं.

"फोन खोटा बोलतो?" तिनं विचारलं.

"फोन नाही गं. चूक माझी आहे."

"तुझीच," आत्या म्हणाली. "रोज तूच तर म्हणत होतीस. 'शाबास, तुम्ही वाचलंत.' तुझा आवाज मी वळखत नाय काय? दुसरं कोण बोललं असतं तर मी नसता ठेवला विश्वास. म्हटलं, आमू सांगत्येय म्हणजे येत असंल मला."

शाबासकीसाठी दुसरा चांगला आवाज मिळाला नाही म्हणून आम्रपालीनं स्वतःचाच भरला होता. एका दुपारचं काम. त्यानंतर ती ते विसरूनही गेली होती. तिचाच आवाज रोज संध्याकाळी या बाईशी खोटं बोलत होता, आणि हे तिला आज कळत होतं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आत्यानं चष्मा काढला, डबीत ठेवला, डबी पदरात बांधली आणि उठून मिरच्या पसरायला लागली. पसरलेल्याच मिरच्या पुन्हा पसरत होती. आम्रपाली उन्हात उभी. आत्या बस म्हणेना, जा म्हणेना.

"मग आता मी काय करू?" पाठ वळवूनच आत्या म्हणाली. "वाडीनं जीप ठरवलीय. सून येत्येय."

"तू स्टेजवर येऊ नकोस. मी सुहास सरांना खरं सांगते. तुझं नाव मध्ये येणार नाही."

"म्हणजे साडी ट्रंकेत ठेवू, नि ललिताला काय येत नव्हतं म्हणून सगळ्यांना सांगू?" ती आता वळली. डोळे लाल झाले होते, मिरच्यांनी की कशानं कोण जाणे. "फोन दिलास नि चहा पिऊन गेलीस. एक दिवस माझ्याजवळ बसली नायस. आता बस. शिकव मला."

"इतक्या थोड्या दिवसांत होणार नाही गं आत्या."

"फोनला जमत होतं, तुला जमत नाय?"

तिथेच अंगणात बसून आम्रपालीनं सुहास सरांना फोन लावला. सगळं सांगितलं, बायकांना कुठेही दोष न देता. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "एकही चूक नाही म्हणून पाठवलेले आकडे मागे घ्या. कार्यक्रम जाहीर झालाय, तो होईल. पण बाईंना वंदनेबाहेरची एक ओळ मी देईन. त्यांनी कधी न ऐकलेली. ती त्यांनी वाचली तर आपण पुढचं बोलू. नाही तर इथेच थांबू." माणूस वाईट नव्हता, पण सरळ होता, आणि सरळ माणसाशी घासाघीस करता येत नाही.

ओजस मात्र भडकला. "वर्षभराचं काम एका फोनवर घालवलंस! निदान मला विचारायचं होतंस." त्याचं चुकत नव्हतं. दोन दिवस दोघं एका माडीवर बसून एकमेकांशी बोलली नाहीत.

आम्रपाली रोज वाडीत जायला लागली. आत्या भांडीकुंडी आवरून ओट्यावर वाट बघत बसलेली असायची. खरी अडचण वेगळीच निघाली. आत्याचं तोंड थांबत नव्हतं. पहिलं अक्षर दिसलं की वंदना सुरू व्हायची आणि धरण फुटल्यासारखी शेवटपर्यंत जायची. जन्मभराची सवय, ती काय एका चष्म्यानं मोडते?

"तोंड आवर, आत्या. बोट पोचलं की मगच बोल."

"आवरत नाय गो, आपोआप येतं."

शेवटी आत्यानंच उपाय काढला. एका हाताचं बोट ओळीवर, दुसऱ्या हाताचा पंजा तोंडावर. बोट अक्षरावर आलं की पंजा काढायचा, तेवढंच बोलायचं, पुन्हा पंजा तोंडावर. बघणाऱ्याला वाटावं, बाईची दाढ दुखते आहे.

असं करता करता एका दुपारी त्रिसरणाच्या, म्हणजे 'बुद्धं सरणं गच्छामि'पासूनच्या, तीन ओळींवर तिचं बोट अडलं. ती एकदा वरच्या ओळीकडे बघे, एकदा खालच्या.

"हा मधला शब्द," ती हळूच म्हणाली. "सरणं. हा खालीपण तोच हाय काय?"

"तोच."

"नि त्याच्याखाली?"

"तोही तोच."

आत्यानं तिन्हीवर एकेकदा बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. "इतकी वर्षं तोंडात होता," ती म्हणाली. "दिसायला असा हाय होय." तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि आम्रपालीच्याही. आत्यानं ते पुसलं नाही, तिचे दोन्ही हात कामात होते.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल भरला. वाडीच्या बायका पांढऱ्या साड्यांत पुढच्या रांगा धरून बसल्या. सून मुंबईहून आली होती. ओजस आला, लॅपटॉप जोडला आणि आम्रपालीकडे न बघता म्हणाला, "सगळं चालू आहे." आत्याला वंदनेतली अक्षरं बरीचशी ओळखीची झाली होती. पण वंदनेत सगळीच अक्षरं थोडी असतात?

सुहास सरांनी ओळ टाकली. आत्याच्या हातातल्या फोनवर आणि मागच्या मोठ्या पडद्यावर एकदमच उमटली: माता उदकं पिवति.

हॉलमधल्या बहुतेकांची वाचूनही झाली. आई पाणी पिते, असं कुणीतरी शेजाऱ्याला सांगितलंसुद्धा. आत्यानं चष्मा सारखा केला, बोट ओळीवर ठेवलं, आणि माइकसमोर दुसरा पंजा तोंडावर धरला. मागून खसखस पिकली. तिचं लक्ष नव्हतं.

पंजा निघाला. "मा."

पुन्हा तोंडावर. पुन्हा निघाला. "ता." ती जरा थांबली आणि एकदम मोठ्यानं म्हणाली, "माता!"

शब्द हिरवा झाला. वाडीनं टाळ्यांचा कडकडाट केला. आम्रपालीनं श्वास सोडला, आणि पुढचं अक्षर बघून पुन्हा धरला. उ. जेवढी वंदना वाचून झाली होती तीत तो असा सुटा कुठे आलाच नव्हता. तिनं तो शिकवलाच नव्हता.

आत्याचं बोट त्या अक्षरावर थांबलं ते हलेना. फोन वाट बघत होता, त्याची वाट बघायची हद्द ओजसनं आखून दिलेली होती. ती संपली. टुण् असा आवाज झाला आणि सगळी ओळ लाल झाली. मोठ्या पडद्यावर लाल, फोनवर लाल. ओजसनं मान खाली घातली. ॲपच्या लेखी परीक्षा संपली होती.

आत्यानं माइकमध्ये सरळ सांगून टाकलं, "ह्या अक्षराची नि माझी भेट नाय झाली."

लोक हसले. आम्रपाली उठली, पायऱ्या चढून स्टेजवर गेली आणि सगळ्यांच्या देखत आत्याच्या शेजारी बसली. सुहास सर बघत होते, बघू देत. "उ," ती म्हणाली. "उखळातला."

"उ," आत्या म्हणाली, आणि पंजा पुन्हा तोंडावर ठेवून पुढच्या अक्षराकडे बघायला लागली. बराच वेळ गेला. हॉलमध्ये चुळबूळ सुरू झाली. चंद्राबाईला ते बघवेना, पुढच्या रांगेतून ती कुजबुजली, पण चंद्राबाईची कुजबुज हॉलच्या शेवटापर्यंत ऐकू येते.

"ललिते, वंदना म्हण की गो! सगळं हिरवं हुईल!"

आत्यानं तोंडावरचा पंजा काढला, पण बोट अक्षरावरून उचललं नाही.

"गप बस, चंद्रे," ती म्हणाली. "म्हणत नाय मी. वाचत्ये."